आक्षेपार्ह काही आढळले नाही

माझी नोकरी लोकांच्या अंगाला हात लावायची आहे. असं सांगितलं की ऐकणारे आधी हसतात आणि मग गप्प होतात. मी कारागृहात महिला शिपाई आहे. कुठल्या कारागृहात ते लिहीत नाही, कारण अजून बरीच वर्षं हीच नोकरी करायची आहे. आतल्या माणसाला भेटायला येतात त्याला आमच्याकडे मुलाखत म्हणतात. मुलाखतीला येणाऱ्या बायकांची झडती मी घेते. नवी बाई कैदी दाखल झाली तर तिचीही.

मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून वाकून आत आलं की डाव्या हाताला प्लायवूड लावून केलेली एक खोली आहे. खोली कसली, दोन बायका उभ्या राहिल्या की भरली. पुढे जाड हिरवा पडदा, आत एक बल्ब आणि भिंतीला टेकवलेलं टेबल, त्यावर नोंदवही. बाईची झडती बाईनंच घ्यायची आणि पडद्याच्या आत घ्यायची, तिसरं माणूस नको. प्रशिक्षणात क्रमसुद्धा ठरवून दिला होता. आधी केस, मग कानामागे, मान, खांदे, काखा, कंबर, साडीच्या निऱ्या, पोटऱ्या, चपलेचा तळ. छातीवरून तळहात न्यायचा नाही, हाताची पालथी बाजू न्यायची. मंगळसूत्र, ताईत, गळ्यातला दोरा बघायचा, पण तोडायचा किंवा ओढायचा नाही. कपडे उतरवायला लावायचे नाहीत. तसा दाट संशय आला तर अधिकाऱ्याचा लेखी आदेश घ्यायचा. आणि त्याच्याही पुढची तपासणी असली तर ते काम डॉक्टरचं, आपलं नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमचा हात जड पडला तर तक्रार येईल. हलका पडला तर चौकशी लागेल. ठरवा काय ते."

मला ते ठरवता आलं नाही. पहिली दोन वर्षं मी दोन्हीला भीत राहिले. एकदा तान्ह्या बाळाचा लंगोट सोडून बघावा लागला. बाळ खुशीत पाय झाडत होतं आणि त्याची आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. लंगोटात काहीच नव्हतं. मी तो पुन्हा बांधायला गेले तर माझ्या हातून नीट बांधला जाईना. तिनंच माझे हात बाजूला केले आणि बांधला. घरी आल्यावर माझी मुलगी धावत येऊन कमरेला मिठी मारायची, तेव्हा माझे हात तिच्या पाठीवरून खाली येताना फ्रॉकच्या खिशापाशी अडायचे. तिनं एक दिवस विचारलंच, "आई, काय शोधून राह्यलीस?"

सांगायचं आहे ते उन्हाळ्यातल्या एका दिवसाचं. माझ्या जोडीची बाई बाळंतपणाच्या रजेवर होती, त्यामुळे गेटवर मी एकटीच. सकाळच्या हजेरीला आम्हा शिपायांवरच्या सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते निवृत्तीला आलेले, सरळ माणूस, पण बारीकसारीक गोष्टीनं घाबरणारे. आवाज खाली करून म्हणाले, "टीप आलीय. आज मुलाखतीत एक बाई माल घेऊन येणार हाये."

"कसला माल, साहेब?"

"ते माहीत न्हाई. पुड्या म्हणत्यात. तू बराबर बघ. आज जर काही आत गेलं, तर तुझ्या सहीवर गेलं असं होईल."

सही म्हणजे नोंदवहीतली. प्रत्येक बाईच्या नावापुढे मला एक ओळ लिहावी लागते, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही', आणि त्यापुढे सही. तोवर ती ओळ मी न बघता लिहायचे. त्या दिवशी पहिल्याच बाईपुढे ती लिहिताना पेन थांबलं. तिच्या अंबाड्यात मी नीट बोटं घातली होती का? घातली होती. चपलेचा तळ वाकवून पाहिला होता का? आठवेना. ती आत गेली होती. मी सही केली आणि पुढची बाई घेतली.

त्या दिवशी माझा हात जड पडला होता. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "हळू गं बाई, हाडं हायेत माझी." मी माफी मागितली नाही. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि प्रत्येक चेहऱ्यात मला तीच बाई दिसत होती, माल आणणारी. एकीचे डोळे फार खाली होते, दुसरीचे फार वर. एक सारखी हसत होती, तिच्या पिशवीचे बंदसुद्धा मी उलटे करून पाहिले.

नववी की दहावी बाई पडदा सारून आत आली. डोक्यावर पदर, तोही कपाळाच्या खाली ओढलेला. ठेंगणी, गोरी, वय साठीच्या पुढे. मी सवयीनं म्हणाले, "मावशी, हात वर करा." तिनं हात वर केले, पदर मागे सरकला आणि मी ओळखलं.

भोकरदनच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. राजस्थानातून आलेलं घराणं, पण किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही सांगता येणार नाही. आम्ही हसनाबादचे. दर जूनला माझी आई मला बसनं भोकरदनला न्यायची, शाळेचा गणवेश घ्यायला. पुढे गादीवर शेठजी बसायचे आणि मागच्या बाजूला बायकांची मापं घ्यायला या बसायच्या. आई त्यांना शेठाणीबाई म्हणायची, मी काकी. सातवीत असताना त्यांनी माझ्या छातीचं माप घेतलं तेव्हा मी लाजून आखडले होते. त्यांनी टेप सैल धरला आणि आईला म्हणाल्या, "दोन बोटं जास्ती ठेवते. पोरीला मोकळं वाटलं पाहिजे."

त्यांनीही मला ओळखलं. वर्दीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. वर केलेले हात तसेच ठेवले.

ओळखीचं माणूस असलं तर तसं सांगायचं, असा नियम आहे. मी पडद्याबाहेर डोकं काढलं. "साहेब, या माझ्या वळखीच्या हायेत. दुसऱ्या कोणी झडती घेतली तर बरं होईल."

सुभेदार साहेब वैतागले. "दुसरी कुठून आणू आता? तूच घे. वळख हाये म्हणून वहीत लिही."

मी वहीत लिहिलं. मग केसांपासून सुरुवात केली. अंबाडा, कान, मान. हातात धरायचं यंत्र असतं, धातू आला की शिटी वाजवतं. ते छातीपाशी नेलं तर वाजलं. गळ्यातलं असेल म्हणून मी त्यांचं मंगळसूत्र बाजूला धरायला लावलं आणि पुन्हा नेलं. पुन्हा वाजलं, डाव्या बाजूला. हाताची पालथी बाजू फिरवली. उजवीकडे जसं असतं तसं. डावीकडे टणक, आणि दाबलं की आत काहीतरी बारीक दाणेदार सरकलं.

माझा हात तिथंच थांबला. त्या एक पाऊल मागे सरल्या, पाठ भिंतीला लागली. दोन्ही हातांनी पदर छातीशी धरला.

"काकी, काय हाये हे?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"काकी, सांगा. मला सांगावं लागंल."

बाहेरून आवाज आला, "काय झालं गं? यंत्र का वाजून राह्यलं?"

"दोन मिनिटं, साहेब."

टीप खरी होती तर. ज्या घरातला कपडा घालून मी शाळेत गेले, त्याच घरातली ही बाई. मला एकदम राग आला, त्यांचा नाही, त्या दिवसाचा. मी नियमात होतं तेच सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. "काकी, तुम्ही झडतीला न्हाई म्हणू शकता. मंग आज भेट होणार न्हाई, पण तुम्हाला कोणी हात लावणार न्हाई. इथूनच परत जायचं."

त्यांनी मान हलवली. "परत न्हाई जायचं. पाच महिने झाले त्याला पाहून."

त्यांचा मुलगा आत होता. घराच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडण झालं, त्यात शेजाऱ्याला वर्मी मार लागला. खटला उभा राहायचा होता. पाच महिने आई का आली नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

त्या माझ्या कानाशी आल्या. "गाठ होती, बेटा. संभाजीनगरला काढली. ती बाजूच काढली." मग म्हणाल्या, "त्याला सांगितलं न्हाई. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. तो आत बसून काय करणार? डोकं आपटत बसंल. हे मी घरी शिवलं. आत मोहरी हाये, वजनाला. न्हाईतर कपडा एका बाजूनं वर चढतो, लगेच दिसतं. माझ्या पोराच्या ध्यानात येईल. सगळा जन्म कापडात गेला त्याचा."

बाहेर सुभेदार साहेब येरझारा घालत होते, त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. मी पडद्याला तोंड लावून हळूच म्हणाले, "साहेब, आजारपणाचं हाये. ऑपरेशन झालेलं हाये. त्यासाठी कापडाचं एक केलेलं हाये."

"कापडाचं म्हणजे काय? काढ न् कापून बघ. आजच्या दिवशी मला कुणाचं काही ऐकायचं न्हाई."

"कपडे काढायला लावायचे तर आदेश लागतो, साहेब. लेखी. अन् हे डॉक्टरणीचं काम हाये."

तो बोलणारा आवाज माझाच होता यावर माझा विश्वास बसला नाही. मी कधी कुणाला उलटून बोलले नव्हते. बाहेर बुटांचा आवाज थांबला. मग ते म्हणाले, "थांब. जेलर साहेबांना आणतो." बूट दूर गेले.

मी टेबलावरची वही खाली ठेवली आणि त्यांना टेबलावर टेकायला सांगितलं. झडती अर्धी राहिलेल्या माणसाला एकटं सोडता येत नाही, त्यामुळे पाणी आणायलाही जाता येईना. पंखा नव्हता. त्या पदराच्या टोकानं मान पुसत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुझी आई बरी हाये ना?" मी हो म्हणाले. "बारा वाजता बंद होतं ना भेटायचं?" त्यांनी विचारलं. माझ्या घड्याळात साडेअकरा होऊन गेले होते.

जेलर साहेब आले ते पडद्याबाहेरच थांबले. तरुण अधिकारी, शांत बोलणारे. सगळं ऐकून म्हणाले, "डॉक्टर मॅडम आज नाहीत, त्या परवा येतील. आज आदेश काढला तरी तपासणार कोण? यांना परत पाठवायचं का?"

आतून काकी पटकन म्हणाल्या, "न्हाई, न्हाई. मीच काढून देते. हिच्या हातात देते. दुसऱ्या कुणाच्या न्हाई."

जेलर साहेब मला म्हणाले, "त्या स्वतःहून देत असतील तर बघा. कापू नका. समाधान झालं तर सही करा, नाही झालं तर करू नका. निर्णय तुमचा."

त्या भिंतीकडे वळल्या. मीही दुसरीकडे तोंड केलं. हुकांचा आवाज आला. मग त्यांनी ते रुमालात गुंडाळून मागे हात करून माझ्या हातात दिलं. अजून गरम होतं. मऊ, धुऊन धुऊन विरलेल्या मलमलीचं, कडेनं इतकी बारीक टीप की टाका मोजता येऊ नये. मागच्या बाजूला तीन सेफ्टी पिना. पिना काढून यंत्र फिरवलं, वाजलं नाही. बल्बसमोर धरलं. दोन बोटांत चिमटीनं सगळीकडून दाबून पाहिलं, दाणा दाणा. मोहरीच होती. पण मोहरीच्या पोटात आणखी काही आहे का, ते उसवल्याशिवाय कळणार नव्हतं. उसवलं तर शिवायला सुई लागली असती, आणि सुई आमच्याकडे आत आणता येत नाही. आणि ते घातल्याशिवाय त्या मुलासमोर उभ्या राहणार नव्हत्या.

मी ते परत दिलं. वहीत लिहिलं, 'वैद्यकीय कारणासाठीची वस्तू, स्वतःहून दाखवली, हाताने तपासली.' त्याखाली नेहमीची ओळ आणि सही. सही नेहमीसारखी आली नाही.

त्या आत गेल्या तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती. मुलाखतीच्या जागी काच आहे, खाली कपडे-कागद द्यायला एक फट, आणि फोनवरून बोलावं लागतं. मी लांबून पाहिलं. मुलगा काचेला हात लावून हसत होता, काकी पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. बाहेर पडताना माझ्यापाशी थांबल्या नाहीत. त्यांनी ओळख दाखवली नाही, आणि ती माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून दाखवली नाही हे मला नंतर समजलं.

दुपारी अचानक बराकींची झडती निघाली. तंबाखूच्या पुड्या सापडल्या. आणि सापडल्या त्या नेमक्या काकींच्या मुलाच्या बराकीत, दाराजवळच्या कोनाड्यात.

सुभेदार साहेबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला लेखी खुलासा मागितला गेला. मी तीन वेळा लिहून तीन वेळा फाडला. खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं की मी ते उसवलं नाही, कारण त्यांनी एकदा माझं माप घेताना टेप सैल धरला होता. तसं कागदावर लिहिता येत नाही. मी लिहिलं की नियमाप्रमाणे केलं. तेही खरंच होतं. पण दोन्ही खरं असलं की माणसाला कळत नाही, आपण नेमकं कशामुळे तसं वागलो.

ते तीन दिवस वाईट गेले. नवरा अंकुशनगरला साखर कारखान्यात कामाला, आठवड्यानं घरी यायचा. फोनवर त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू बघितलंस ना? मंग झालं." स्वयंपाक करताना फोडणीला मोहरी टाकली की माझा हात थांबायचा. मिसळणाच्या डब्यात बोट घालून मी मोहरी इकडे तिकडे सारून बघायचे, की यात किती मोठी पुडी लपेल. मावेल, असं दिसायचं. मग वाटायचं, त्या आजारी बाईबद्दल आपण हा विचार करतोय. मग वाटायचं, आजार खरा असला तरी पुडी खोटी कशावरून? मी मनातल्या मनात त्यांना पुन्हा पुन्हा पडद्याआड आणत होते आणि दर वेळी उसवत होते.

चौथ्या दिवशी सफाई करताना स्वयंपाकघराच्या पत्र्यावर एक गोळा सापडला. पायातला मोजा होता, आत ओली माती आणि मातीत तशाच पुड्या, तोच कागद, तोच दोरा. मागच्या भिंतीवरून कुणीतरी फेकलेला, आत पडायच्या ऐवजी पत्र्यावर अडकलेला. आधीचे नीट पडले होते. बाई येणार ही टीप खोटी होती, किंवा सगळ्यांचं लक्ष गेटकडे राहावं म्हणून दिलेली होती. ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा खुलासा फाइलला लागला आणि विषय मिटला.

सुभेदार साहेबांनी चहा मागवला आणि माझ्यापुढे कप सरकवला. "मी घाबरलो होतो गं," म्हणाले. मी म्हणाले, "मी पण." मोकळं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. तीन दिवस मी एका बाईला चोर समजले होते आणि तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. पडदा लागल्याबरोबर त्यांनी स्वतःच भिंतीकडे तोंड केलं आणि रुमाल माझ्या हातात दिला. एका कडेची टीप उसवून तिथं टिचबटणं लावली होती, प्लास्टिकची, धातूची नव्हे. "उघडून बघ," म्हणाल्या. "मागल्या वेळी तुला बघता आलं न्हाई. तुझ्या जिवाला घोर लागला असंल."

मी उघडलं. मोहरी तळहातावर घेतली, बोटानं पसरली आणि पुन्हा आत भरली. चार-दोन दाणे फरशीवर सांडले, ते दोघींनी वाकून वेचले. वहीत ओळ लिहिली. त्यानंतर सात-आठ वेळा त्या आल्या आणि दर वेळी असंच झालं. आम्ही फार बोललो नाही. मी जेलर साहेबांना सांगून पडद्याआड एक स्टूल मात्र ठेवून घेतलं.

त्यांच्या मुलाला जामीन झाला त्या दिवशी मी गेटवरच होते. सुटणारा माणूस आपलं सामान घेऊन छोट्या दारातून वाकून बाहेर पडतो. बाहेर काकी रिक्षात बसल्या होत्या. तो दाराशी थांबला, माझ्याकडे वळला. काळवंडला होता, पण कापडवाल्याची नजर तशीच, माझ्या वर्दीच्या बाहीची उसवलेली शिवण त्यानं आधी पाहिली.

"मॅडम, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "बाकीच्या बायका पटकन यायच्या. माझ्या आईलाच आत यायला दर वेळी इतका वेळ का लागायचा?"

रिक्षातून काकी माझ्याकडे बघत होत्या. इतक्या लांबून त्यांना ऐकू येणं शक्य नव्हतं.

"गर्दी असायची," मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. त्याला ते पटलं की नाही, मला सांगता येत नाही.